पहिली होडी

पेण तालुक्यातील हमरापूर हे गाव महाराष्ट्राला गणेशमूर्तींसाठी परिचित आहे. पनवेल-रोहा लोहमार्गावर पेणच्या अलीकडे हमरापूरचे स्थानक लागते. हमरापूर, जोहे, तांबडशेत या परिसरात घराघरांतून मूर्तींचे कारखाने चालतात. साच्यातून मूर्ती काढणे, तिचे सांधे घासून एकजीव करणे, रंगाचे हात देणे आणि अखेरीस डोळ्यांची आखणी करणे, ही कामे येथील मुले पाहतापाहता शिकतात. कोणी त्यांना पुस्तक देत नाही. हात मोठ्यांच्या हाताकडे पाहून तयार होतो.

याच परिसराला आणखी एका कारागिरीचा शेजार होता. पाताळगंगा, भोगावती आणि अंबा या नद्यांची मुखे, धरमतरची खाडी, खाडीकाठची मिठागरे आणि खारी शेते हा सारा प्रदेश एके काळी होड्यांवर चालत असे. पेणचा भात आणि मीठ अंतोऱ्याच्या बंदरातून मुंबईकडे जाई. अलिबागकडे जाणारा मुंबईचा उतारू धरमतरपर्यंत बोटीने येई. मचवे, पडाव, गलबते बांधणारे आणि दुरुस्त करणारे सुतार म्हणूनच या किनाऱ्याला लागत. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांनी उत्तर कोकणातच आपल्या आरमाराची पायाभरणी केली, ती अशाच कारागिरांच्या बळावर.

मूर्तीची कला जगली आणि होडीची कला ओसरली. याचे कारण व्यापारी कुटुंबांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मूर्तीला दरवर्षी नवे गिऱ्हाईक मिळते, भाद्रपद चुकत नाही. होडीची मागणी मात्र आधी रस्त्याने, मग रेल्वेने आणि शेवटी फायबरच्या होड्यांनी खाल्ली. मागणी गेली की कारागिराचा मुलगा दुसरा धंदा शोधतो आणि त्याच्याबरोबर ज्ञानही जाते. कोकणातील पारंपरिक सुतार प्रायः कागदावर आराखडा काढत नसे. फळीला बाक किती द्यावा, नाळ किती पुढे झुकवावी, हे त्याच्या नजरेत आणि हातात असे. असा कारागीर गेला की वहीच हरवल्यासारखे होते. जमाखर्च कोठेच उरत नाही.

व्यापाऱ्याचे जहाजाशी नाते

जैन समाजाचे समुद्राशी नाते जुने आहे. सतराव्या शतकातील सुरतेचे वीरजी व्होरा हे त्या काळच्या सर्वांत धनाढ्य व्यापाऱ्यांपैकी एक होते. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालासाठी पश्चिम भारतात ‘जोखमी हुंडी’ची प्रथा होती. माल सुखरूप पोहोचला तरच ही हुंडी देय होई. जहाज बुडाले तर पैसे मागता येत नसत. कर्ज आणि विमा या दोन्हींची सोय एकाच कागदात करणारी ही पद्धत व्यापाऱ्यांच्या परस्पर विश्वासावर उभी होती.

आधुनिक काळात हे नाते शेठ वालचंद हिराचंद यांनी पुढे नेले. १८८२ मध्ये सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. ५ एप्रिल १९१९ रोजी कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. तोच दिवस आज देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांच्या दरयुद्धाला तोंड देत सिंदिया टिकली आणि तिने विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढला. तेथे बांधलेले ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. ज्या समाजाच्या पूर्वजांनी जहाजांवर भांडवल लावले, त्या समाजाच्या मुलांना होडी कशी उभी राहते हे ठाऊक असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

ते जाणण्याचा सर्वांत सोपा आणि स्वस्त मार्ग म्हणजे लाकडी होडीची लहान प्रतिकृती स्वतःच्या हाताने बांधणे.

आधी मोजमाप, मग करवत

नवशिक्याने पहिल्याच प्रयत्नात तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौकेचा मोह धरू नये. पहिली होडी एका डोलकाठीची असावी. खाडीतला साधा मचवा त्यासाठी उत्तम. किनाऱ्यावर ओढून ठेवलेली जुनी लाकडी होडी दिसल्यास मालकाच्या परवानगीने तिची लांबी, रुंदी, खोली मोजून घ्यावी, बाजूने व समोरून छायाचित्रे काढावीत. दर दोन फुटांवर रुंदी किती भरते याची नोंद करावी. ही नोंदच पुढे आराखडा होते. होडी उद्या मोडीत निघाली तरी तिचा आकार वहीत शिल्लक राहतो.

प्रमाण सोयीचे घ्यावे. खऱ्या होडीच्या एका फुटाला प्रतिकृतीत अर्धा इंच धरला, की प्रमाण एकास चोवीस होते. म्हणजे ३० फूट लांब, ८ फूट रुंद आणि ४ फूट खोल होडीची प्रतिकृती १५ इंच लांब, ४ इंच रुंद आणि २ इंच खोल भरेल. ती घरातील काचेच्या कपाटात सहज मावते.

वजनाचा हिशोब मात्र वेगळा असतो. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही चोवीस पटींनी घटतात, म्हणून वजन २४ गुणिले २४ गुणिले २४, म्हणजे १३,८२४ पटींनी घटते. ५ टनांच्या होडीची प्रतिकृती सुमारे ३६० ग्रॅमची झाली, तर ती खऱ्या होडीइतकीच पाण्यात बुडून तरंगेल. शाळेतील घनफळाचा धडा मुलांना येथे जितका पटतो, तितका फळ्यावर पटत नाही.

लाकूड आणि विवेक

कोरीव कामासाठी शिवण किंवा पांगारा ही मऊ लाकडे चांगली. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पांगारा वापरला जात आला आहे. वरच्या फळ्यांसाठी सागाच्या पातळ पट्ट्या घ्याव्यात. लाकूड सुके हवे. ओले लाकूड वाळताना आक्रसते आणि जोड उघडे पडतात. करवत लावण्यापूर्वी लाकूड नीट निरखावे. बारीक छिद्रे किंवा पिठासारखा भुसा दिसल्यास आत कीड आहे असे समजून तो तुकडा वापरू नये.

जैन कुटुंबांनी सामग्रीबाबत आणखी थोडी चौकशी करावी. जुने सुतार वापरत तो सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनतो. फ्रेंच पॉलिशमधील लाख हा कीटकाचा स्राव आहे. दोन्हींना आज सोपे पर्याय आहेत. फेविकॉलसारखा कृत्रिम पांढरा गोंद जोडांना पुरतो, आणि जवसाचे तेल किंवा पाण्यात मिसळणारे वार्निश लाकडाला झिलई देते. रंगाचा ब्रश घेतानाही प्राण्यांच्या केसांऐवजी नायलॉनचा घ्यावा. अहिंसेचा विचार स्वयंपाकघरापुरता नसतो, हे मुलांना प्रवचनाइतकेच अशा खरेदीतूनही कळते.

थरांवर थर

नवशिक्यासाठी थरांची पद्धत सर्वांत सुलभ आहे. वर सांगितलेल्या होडीची खोली २ इंच, म्हणून अर्ध्या इंचाच्या ४ फळ्या घ्याव्यात. प्रत्येक फळी खऱ्या होडीच्या एका फुटाची. प्रत्येक उंचीवर होडीचा आकार किती रुंद आहे ते फळीवर रेखावे. रेखताना आधी मध्यरेषा काढावी आणि अर्धा आकार पुठ्ठ्यावर कापून तोच साचा उलटून दुसऱ्या बाजूला वापरावा. त्यामुळे डावी-उजवी बाजू सारखी राहते. सर्वांत खालची फळी सोडून बाकीच्यांचा मधला भाग आधीच कापून काढावा, म्हणजे आतून कोरण्याचे श्रम वाचतात. मग मध्यरेषा जुळवून फळ्या गोंदाने चिकटवाव्यात आणि शिकंज्यात एक दिवस तशाच ठेवाव्यात.

दुसऱ्या दिवशी होडी पायऱ्यांसारखी दिसते. तेथे नवशिक्याचा धीर सुटतो. वास्तविक त्या पायऱ्याच वाटाड्या असतात. पटाशीने आणि कानशीने पायऱ्यांची टोके उतरवत जावे, दोन थरांमधील गोंदाची रेषा दिसू लागली की थांबावे. अधूनमधून पुठ्ठ्याचे आडवे साचे लावून गोलाई तपासावी. मग ८०, १२० आणि २२० क्रमांकाचा पॉलिश पेपर या क्रमाने वापरावा. क्रम मोडल्यास आधीचे ओरखडे रंगाखालून वर येतात. हमरापूरच्या मूर्तिकाराला विचारले तर तोही हेच सांगेल, की रंग चूक झाकत नाही, उघडी करतो.

त्यानंतर खाली कणा, म्हणजे खलाशांच्या भाषेत पठाण, मागे सुकाणू, वर सागाच्या पट्ट्यांची फळी आणि पुढे किंचित झुकलेली डोलकाठी बसवावी. पट्टीला बाक द्यायचा असेल तर ती तासभर पाण्यात भिजवून हळूहळू वळवावी. कोरडी वळवल्यास ती मोडते. शीड जुन्या धुतलेल्या सुती कापडाचे करावे, नव्या कापडाची खळ घडीला ताठर ठेवते.

करवत आणि पटाशी मोठ्यांच्या देखरेखीखालीच मुलांच्या हाती द्यावी. पटाशीची धार नेहमी शरीरापासून दूर ढकलावी, आणि धरलेला हात कधीही तिच्या मार्गात नसावा.

छिद्र कोठे आहे?

होडी पुरी झाली की परातीत गाळलेले पाणी घेऊन तिची परीक्षा करावी. ती एका अंगाला कलली तर दुसऱ्या अंगाला तळाशी थोडे वजन ठेवावे. आत ओल दिसली तर पाणी उपसत बसू नये, आधी छिद्र शोधावे, ते बुजवावे, मग आतले पाणी काढावे.

जैन वाचकाला हा क्रम अनोळखी नाही. नवतत्त्वांचा पाठ देताना साधू-साध्वी हाच दाखला देतात. छिद्रातून आत येणारे पाणी म्हणजे आस्रव, छिद्र बुजवणे म्हणजे संवर आणि साचलेले पाणी उपसणे म्हणजे निर्जरा. पार नेणाऱ्या घाटाला तीर्थ म्हणतात आणि तो घाट बांधणारे ते तीर्थंकर. हे शब्द पाठशाळेत पाठ होतात, पण ज्या मुलाने गळकी होडी स्वतः दुरुस्त केली, त्याला त्यांचा अर्थ पुन्हा विचारावा लागत नाही.

या छंदाला चातुर्मासासारखा काळ नाही. पूर्वी पावसाळ्यात समुद्र बंद असे, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात उतरत. साधू-साध्वीही याच काळात एका गावी स्थिर असतात आणि घरातील माणसे एकत्र बसतात. लाकूड उन्हाळ्यातच आणून घरात सुकू द्यावे. पावसाळी हवेत गोंद उशिरा वाळतो, म्हणून घाई करू नये. रविवारचे दोन-तीन तास दिले तरी दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत होडी कपाटात उभी राहते. तिच्याशेजारी मोजमापाची ती वहीही ठेवावी. ज्या होडीवरून ती उतरवली, ती खाडीकाठी कदाचित नसेल, पण दुसऱ्या कोणा मुलाला तिच्यावरून आपली पहिली होडी बांधता येईल.