पट्टीखालची झडप

हाताने घडवलेल्या छोट्या पाइप ऑर्गनची पट्टी-यंत्रणा कशी तयार होते, यावर लिहा, असे एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी सुचवले. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहे. मी मात्र राहतो रायपूरच्या समता कॉलोनीत. इथे त्याच कुळातले दुसरे वाद्य घरोघरी सापडते, ते म्हणजे पेटी. शेजारच्या चौबे कॉलोनीत 1935 पासूनचे महाराष्ट्र मंडळ आहे, भजनी मंडळे आहेत, गणपतीतले कार्यक्रम आहेत आणि या सगळ्यांच्या पेट्या कधी ना कधी बिघडतात. त्या दुरुस्त करणारे आणि सवड मिळाली की नवी पेटी घडवणारे एक मिस्त्रीकाका आमच्याच भागात काम करतात. नाव छापू नका, एवढीच त्यांची अट. संपादकांच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांच्या खोलीत शोधले.

पेटीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. पॅरिसच्या अलेक्झांडर देबँ यांनी 1840च्या सुमारास हार्मोनियमचे पेटंट घेतले. हे वाद्य खुर्चीवर बसून, पायाने भाता हलवत वाजवायचे. कोलकात्यात 1875 साली ‘द्वारकिन’ सुरू करणाऱ्या द्वारकानाथ घोष यांनी पुढे त्याला हाताचा भाता दिला आणि वाद्य बैठकीत आले. मराठी रंगभूमीने दोन्ही रूपे जवळ केली. गोविंदराव टेंब्यांनी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली, तर पायाचा ऑर्गन गंधर्व नाटक मंडळीच्या नाट्यपदांशी कायमचा जोडला गेला. राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्यात उमाशंकर दाते यांनी असे ऑर्गन पुन्हा घडवले.

वादही बरेच झाले. पेटीत मींड नाही, तिचे सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, हे मुख्य आक्षेप. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत सैल झाली नाही. त्याआधीच सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी श्रुतींची पेटी बनवून घेतली होती. अलीकडे मुंबईच्या डॉ. विद्याधर ओकांनी 22 श्रुतींची पेटी तयार केली. ही सगळी चर्चा सुरांभोवती फिरते. वाजवणाऱ्याचे बोट आणि सूर यांच्यामध्ये जे लाकूड आहे, त्याच्याबद्दल फारसे वाचायला मिळत नाही. मिस्त्रीकाकांचे सगळे कसब त्या लाकडात आहे.

साध्या पेटीची रचना अशी. सुरांची फळी आडवी बसवलेली असते. पितळी सूर, म्हणजे रीड, तिच्या खालच्या अंगाला, भात्याने हवा भरलेल्या कोठ्यात असतात. प्रत्येक सुरावर फळीला भोक असते आणि भोकावर मऊ कातडे लावलेली छोटी झडप. ही झडप पट्टीच्या मागच्या टोकाला चिकटवलेली असते. पट्टी मधल्या टेकूवर डोलते. पुढचे टोक दाबले की मागचे उचलले जाते, झडप उघडते, कोंडलेली हवा सुराची जीभ थरथरवत भोकातून बाहेर पडते. बोट उचलले की तारेची स्प्रिंग झडप पुन्हा बसवते.

इथेच पेटी आणि पाइप ऑर्गन यांच्यात एक मोलाचा फरक आहे. पाइप ऑर्गनमध्ये झडप हवेच्या कोठ्याच्या आत असते, त्यामुळे हवेचा दाबच तिला बंद धरून ठेवतो. पट्टी दाबताना सुरुवातीला किंचित अडथळा लागतो, मग झडप एकदम सुटते. लाकडाच्या लांब, पातळ काड्यांमधून तो झटका वादकाच्या बोटापर्यंत पोचतो. पेटीची झडप कोठ्याच्या बाहेर बसते. हवा तिला खालून ढकलत असते आणि सगळी राखण एकट्या स्प्रिंगवर येते. स्प्रिंग कडक केली तर द्रुत तानेत बोटे थकतात. सैल केली तर जोराचा भाता मारताच न दाबलेले सूर कुजबुजू लागतात. प्रत्येक पट्टीसाठी या दोहोंमधली जागा शोधावी लागते. मिस्त्रीकाका तार चिमट्यात धरून किंचित वाकवतात, पट्टी दाबून बघतात, परत वाकवतात. वजनकाटा ते वापरत नाहीत. शेजारच्या दोन पट्ट्यांवर दोन बोटे ठेवून फरक ओळखतात.

‘‘हवा फट शोधतेच, भाऊ,’’ ते म्हणाले. ‘‘आपल्याला दिसत नाही, तिला सापडते.’’

मला सर्वांत गुंतवून ठेवले ते पट्ट्यांच्या आखणीने. एका सप्तकाची रुंदी साधारण 165 मिलीमीटर धरा. पुढच्या बाजूला 7 पांढऱ्या पट्ट्या, म्हणजे प्रत्येकी साडेतेवीस मिलीमीटरहून जरा जास्त. मागे मात्र काळ्या-पांढऱ्या मिळून 12 शेपट्या, प्रत्येकी पावणेचौदा मिलीमीटर. आता सा, रे, ग या पहिल्या तीन पांढऱ्या पट्ट्या घ्या. पुढे त्यांची रुंदी पावणेएकाहत्तर मिलीमीटरच्या जवळ जाते. मागे त्यांच्या आणि मधल्या दोन काळ्यांच्या मिळून पाच शेपट्या होतात, त्यांची रुंदी पावणेएकोणसत्तर. जवळजवळ 2 मिलीमीटर शिल्लक राहतात. पुढच्या चार पांढऱ्या आणि तीन काळ्यांच्या गटात तेवढेच कमी पडतात. पुढचे आणि मागचे दोन्ही विभाग सरळ आणि सारखे ठेवणे गणितालाच मंजूर नाही. त्यामुळे तो फरक पट्ट्यांच्या मानेत, काळ्या पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या कापात थोडाथोडा वाटून द्यावा लागतो.

हे वाटप स्केल चेंजरच्या पेटीत कसाला लागते. तिथे झडपा पट्ट्यांपासून वेगळ्या असतात आणि अख्खा पट्ट्यांचा संच बाजूला सरकतो. एक घर सरकवले की प्रत्येक पट्टीने शेजारच्या झडपेवर अचूक बसायला हवे. शेपट्यांच्या अंतरात चूक असेल तर ती प्रत्येक घरात वेगळ्या सुरावर उघडी पडते. म्हणून चांगला कारागीर पट्ट्या सुट्या कापत नाही. आधी लाकडाच्या फळ्या जोडून एक सपाट पाट करतो, त्यावर सगळ्या रेघा आखतो, टेकूच्या खिळ्यांची भोके पाडतो आणि मगच पाट चिरून पट्ट्या सुट्या करतो. त्या एकाच पाटातून निघतात, म्हणून एकमेकींशी जुळतात.

पाट जुळला तरी रायपूरची हवा तो जुळलेला ठेवू देत नाही. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांच्या वर जातो, लाकूड आकसते आणि पट्ट्या खडखडतात. जून संपता संपता पाऊस लागतो, लाकूड फुगते आणि पट्ट्या एकमेकींना घासून अडकतात. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते. तेही खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्यापासून सालीकडे. म्हणून पट्टीसाठी गाभ्याकडून सालीकडे उभी चिरलेली, सरळ रेषांची फळी लागते. अशा चिरण्यात लाकूड वाया जाते, त्यामुळे ती महाग पडते. घाईत घेतलेल्या ओल्या फळीचे काम पहिल्याच पावसाळ्यात उघडे पडते.

लाकडापाठोपाठ कातडे. झडपेला पातळ, मऊ कातडे हवे आणि त्याची जाडी सगळीकडे एकसारखी. एका कोपऱ्यात केसभर फरक पडला तरी सूर गळतो. पट्ट्यांखालच्या नमद्याला कसर लागते, कातडे उंदीर कुरतडतात, सरस उन्हात सुकून सुटतो. सूर गुजरातमधल्या पालिताण्यात बनतात, ते विकत मिळतात. पट्ट्यांचा संचही तयार मिळतो, पण जुन्या पेटीच्या भोकांवर तो बेतून बसवणारा माणूस विकत मिळत नाही.

सर्वांत मोठी अडचण माणसांचीच आहे. हे काम शिकायला दोन-तीन वर्षे तरी लागतात, मोबदला तुटपुंजा असतो. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड स्वस्त असतो, सुरात राहतो आणि पावसाळ्यात फुगत नाही. शिकायला येणारी मुले सूर जुळवण्याचे काम मागतात, कारण त्यात नाव आहे. पट्ट्या घासणे, कातडे चिकटवणे, तार वाकवणे त्यांना हलके वाटते. मिस्त्रीकाकांच्या मापांची वहीसुद्धा नाही. आखणीची एक जुनी लाकडी पट्टी आहे, तिच्यावर खुणा आहेत आणि त्या खुणांचा अर्थ फक्त त्यांना ठाऊक आहे. मला काळजी वाटते ती याचीच. खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयासारखी संस्था छत्तीसगडातच आहे. तिथे वाद्य वाजवायला शिकवतात, तसे वाद्य घडवणाऱ्यांचे ज्ञानही टिपून ठेवले गेले पाहिजे.

तोपर्यंत आपल्याला करता येण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. घरात बंद पडलेली जुनी पेटी असेल तर ती भंगारात देऊ नका. पावसाळ्यात ती जमिनीपासून उंच आणि ओल्या भिंतीपासून दूर ठेवा, अधूनमधून वाजवा. दुरुस्तीला उघडली तर पट्ट्यांवर पेन्सिलीने क्रमांक घालूनच त्या काढा, कारण एका पाटातल्या पट्ट्यांची अदलाबदल झाली की त्या पुन्हा नीट बसत नाहीत. आणि पैसे देताना सूर जुळवण्याइतकाच मोबदला पट्ट्यांच्या कामालाही द्या.