स्वमग्नता: एक नाव, अनेक गरजा

मागच्या व्याख्यानानंतर दोघी जणी मला भेटायला आल्या. एकाच सोसायटीत राहणाऱ्या. एकीचा मुलगा दहावी पास झालाय, रेल्वेचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ आहे. पण नेहमीचा रस्ता बंद दिसला की तो जागच्या जागी थिजतो. नातेवाईक म्हणतात, "बोलतो की छान, कसली आलीय स्वमग्नता?" दुसरीची मुलगी एकोणीस वर्षांची, एकही शब्द बोलत नाही, तिला घासही भरवावा लागतो. त्या बाई म्हणाल्या, "सर, दोघांच्या कागदावर शब्द एकच. मग या दोघांत सारखं काय?"

प्रश्न वैद्यकाचा वाटतो, पण तो आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांच्या अंगणातलाही आहे. एका नावाखाली कोणाकोणाला घ्यायचं, आणि का?

आधी इतिहास बघू. १९४३ मध्ये बाल्टिमोरला लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन केलं. एकटेपणाची ओढ आणि सगळं जसंच्या तसं राहावं हा आग्रह, ही त्यांतली मुख्य लक्षणं. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी चार मुलांबद्दल लिहिलं, ती मात्र भरपूर बोलणारी होती. पुढे लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गुल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांची पाहणी केली, ती १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅनर यांच्या चौकटीत नेमकी न बसणारी, पण तशाच अडचणी असलेली कितीतरी मुलं त्यांना आढळली. विंग स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या, हेही लक्षात ठेवा. 'स्पेक्ट्रम', म्हणजे वर्णपट, ही कल्पना रुजली ती त्यांच्यामुळे.

२०१३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत ॲस्पर्गर वगैरे वेगळी नावं काढून सगळ्यांना एका नावाखाली आणलं. कारण सरळ होतं. सारख्याच मुलांना एका केंद्रात एक नाव मिळत होतं, दुसऱ्या केंद्रात दुसरंच. आधार किती लागतो त्यावरून तीन पातळ्या तेवढ्या ठेवल्या.

आता गोंधळ कुठे होतो बघा. वर्णपट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे थर्मामीटर येतो: इकडे थोडी स्वमग्नता, तिकडे जास्त. पण वर्णपटात लाल रंग हा जांभळ्यापेक्षा 'कमी रंग' असतो का? नाही ना! बोलणं, आवाज किंवा स्पर्श सहन न होणं, दिनक्रमाचा हट्ट, बुद्धी, हे सगळे वेगवेगळे धागे आहेत. एक घट्ट, तर दुसरा सैल असू शकतो.

यावर आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. व्याख्या इतकी ताणली की तिच्यात काही अर्थ उरला नाही, असं काही संशोधक म्हणतात. अमेरिकेच्या सरकारी पाहणीत आठ वर्षांच्या मुलांमध्ये २००० साली १५० मागे एक हे प्रमाण होतं, २०२२ मध्ये ते ३१ मागे एक झालं. या वाढीत रुंदावलेल्या व्याख्येचा आणि वाढत्या जाणिवेचा मोठा वाटा आहे. २०२१ मध्ये 'लॅन्सेट'च्या आयोगाने, ज्यांना चोवीस तास सोबत लागते त्यांच्यासाठी 'तीव्र स्वमग्नता' असं वेगळं नाव सुचवलं, नाहीतर ही माणसं गर्दीत हरवतील म्हणून. उलट अनेक स्वमग्न प्रौढ म्हणतात, अशा शिक्क्याने माणसाच्या क्षमता झाकल्या जातात. दोन्ही बाजूंची भीती खरी आहे.

आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी भारतीय मापनश्रेणी वापरतात. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि बेरीज ७० झाली की स्वमग्नता. मग ६९ वाल्याचं काय? ग्रीक तत्त्वज्ञ युब्युलिडीस यांच्या नावावर एक जुनं कोडं आहे: धान्याच्या ढिगातून एकेक दाणा काढत गेलं, तर ढीग नेमका कधी संपतो? असा दाणा दाखवता येत नाही. पण म्हणून ढीग नसतोच, असं होत नाही. संध्याकाळ असते म्हणून दिवस आणि रात्र एक होत नाहीत.

तेव्हा ७० ही रेषा निसर्गाने आखलेली नाही, ती आपण आखली आहे. आखावी लागतेच, कारण सवलत कोणाला द्यायची हे कुठेतरी ठरवावं लागतं. पण संशोधनाला लागणारी रेषा वेगळी, शाळेतल्या मदतीला लागणारी वेगळी. एकाच रेषेवर सगळी कामं लादली, की कोणीतरी वाऱ्यावर सुटतं.

त्या दोघींना मी एवढंच म्हणालो: नाव एक असू द्या, पण नावावरून गरज ठरवू देऊ नका. मुलाला अनोळखी रस्त्यावर सोबत हवी, मुलीला न बोलता सांगण्याचं साधन हवं, आणि तुमच्यानंतर तिला कोण सांभाळणार याची व्यवस्था हवी. हे दोन्ही कागदावर वेगवेगळं लिहून मागा.

मराठीत 'निदान' शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक रोगाची ओळख, दुसरा 'किमान'. दुसरा विसरू नका. निदान ही किमान गोष्ट आहे, तिथून पुढे काम सुरू होतं.