नर कोणता, मादी कोणती?

चिंबोरी उलटी करा. पोटाला चिकटलेली एक पट्टी दिसते. ती अरुंद आणि टोकाकडे निमुळती असेल तर नर. रुंद आणि गोलसर असेल तर मादी. केळशीच्या खाडीकाठी हे लहान पोरालाही सांगावे लागत नाही. कोंबडा तर तुऱ्यावरून लांबूनच कळतो.

पण मासा? बांगडा हातात घ्या आणि सांगा बघू, नर की मादी! पोट चिरले, गाबोळी निघाली, की मग आपण म्हणतो, ही मादी होती.

कालवणाच्या माशाचे तेवढ्याने भागते. पाळायच्या माशाचे भागत नाही. त्याला न कापता ओळखावे लागते. न ओळखल्यास काय होते, ते चिलापी माशावरून समजेल.

चिलापीचे पुस्तकातले नाव तिलापिया. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. १९५२ साली तो भारतात आणला. काटक मासा. थोड्या पाण्यात जगतो, मिळेल ते खातो. सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणात तर कोळ्यांच्या जाळ्यात तो भरपूर येतो.

आता समजा, केळशीत कोणी शेततळे खणले. त्यात चिलापीची हजार पिल्ले सोडली. रोज कोंडा घातला, पेंड घातली. पिल्ले दोन-तीन महिन्यांत वयात आली. आणि मग होतं काय, की ती स्वतःच पिल्ले घालू लागतात! एकदा नाही, पुन्हा पुन्हा. हजाराचे कित्येक हजार होतात. तळे तेवढेच, खाद्य तेवढेच, खाणारी तोंडे मात्र वाढली. सहा महिन्यांनी जाळे ओढावे, तर सगळा मासा बोटाएवढा. बाजारात त्याला कोण विचारतो? पेंडीचे पैसेही अंगावर पडतात.

म्हणून जाणते लोक तळ्यात नुसते नर ठेवतात. नर वाढतोही लवकर. मादीची वाढ मागे पडते, त्याला कारण आहे. ही मादी अंडी तोंडात धरते. बाहेर आलेली पिल्लेही काही दिवस तोंडातच सांभाळते. पिल्ले बाहेर फिरायला लागली आणि काही धोका वाटला, की आईच्या तोंडात परत शिरतात. तोंडात पोरे असताना आई खाणार काय? ती जवळजवळ उपाशीच राहते. मग अंगाला मांस कुठून येणार!

आता ओळखायचे कसे ते बघा. पिल्लू निदान १० सेंटीमीटरचे होऊ द्या. त्याहून लहान माशात नीट दिसत नाही. हात ओला करा. मासा ओल्या फडक्यात धरून पोट वर करा. पोटाच्या मागच्या बाजूला, खालच्या पराच्या जरा पुढे, विष्ठेचे भोक असते. त्याच्या मागे एक लहानसा उंचवटा असतो. सारी खूण त्या उंचवट्यात आहे.

नराचा उंचवटा टोकदार असतो. त्याच्या टोकाला एकच भोक. लघवी आणि वीर्य दोन्ही तिथूनच. म्हणजे विष्ठेचे एक आणि हे एक, अशी दोन भोके झाली.

मादीचा उंचवटा बोथट, गोलसर असतो. त्यावर मधोमध एक आडवी चीर असते. अंडी त्या चिरेतून येतात. लघवीचे बारीक भोक टोकाला वेगळे असते. ते नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसते. म्हणजे मादीची तीन झाली. पण भोके मोजत बसण्यापेक्षा चीर शोधावी, ते सोपे. कापसाच्या बोळ्याने तिथे थोडी निळी शाई लावा. चिरेत शाई उतरते आणि ती रेघ उठून दिसते.

रंगावरून नाही का कळत? कळते, पण उशिरा. जोडीच्या दिवसांत या १९५२ च्या जातीचा नर काळा पडतो. गळा पांढरट होतो, पाठीच्या आणि शेपटीच्या पराची कड लाल होते. तळ्याच्या बुडाशी तो परातीसारखे खोलगट खड्डे करतो. हे दिसेपर्यंत तळ्यात संसार सुरू झालेला असतो! शिवाय घाबरलेला मासा रंग बदलतो. रंगावर भिस्त ठेवू नये.

हजार मासे एकेक करून तपासणे वेळ खाणारे काम आहे. नजर चुकून थोड्या माद्या राहिल्या, तरी पिल्ले होतातच. म्हणून बीज तयार करणारे लोक दुसरी युक्ती करतात. अगदी कोवळ्या पिल्लांना तीन-चार आठवडे खाद्यातून एक औषध देतात. त्याने जवळजवळ सारी पिल्ले नर होतात. असे बीज विकत मिळते. पण चिलापी पाळायची तर आधी मत्स्यव्यवसाय खात्याची परवानगी घ्यावी लागते.

चिलापीचे एक भावंड आपल्या किनाऱ्याच्या खाड्यांतले आहे. कालुंदर त्याचे नाव. हिरवट अंग, त्यावर मोत्यासारखे ठिपके आणि काळसर उभे पट्टे. कालुंदर अंडी तोंडात धरीत नाही. दगडाला, लाकडाला चिकटवते आणि नर-मादी दोघे मिळून राखण करतात. एरवी ही दोघे अगदी सारखी दिसतात. जोडीच्या दिवसांतच तो उंचवटा फुगतो. नराचा बारीक टोकदार, मादीचा रुंद बोथट. मुंबईच्या घरांतून काचेच्या पेटीत एंजल नावाचा चपटा मासा ठेवतात. तोही याच कुळातला. त्याची जोडी विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून हौशी लोक पाच-सहा पिल्ले एकत्र वाढवतात आणि त्यांची त्यांना जोडी जमवू देतात.

राहता राहिल्या तळ्यातून बाजूला काढलेल्या चिलापीच्या माद्या. त्या भारजा नदीत किंवा खाडीत सोडू नका. चिलापी खाऱ्या पाण्यातही जगते, तिथेही पिल्ले घालते आणि कालुंदरीच्या वाट्याचे खाते. माद्या लहान असल्या तरी खायला चांगल्या लागतात. मीठ-मसाला लावून तव्यावर टाका.