समुद्रकिनारा व उथळ पाण्यासाठीचा धातुशोधक

समुद्रकिनारा व उथळ पाण्यासाठीचा धातुशोधक हे खाऱ्या पाण्याने भिजलेल्या वाळूत, तसेच गुडघाभर ते छातीभर पाण्याखाली पुरल्या गेलेल्या धातूच्या वस्तू शोधण्याचे उपकरण आहे. पोहताना बोटातून निसटलेल्या अंगठ्या, तुटून पडलेल्या साखळ्या, नाणी आणि क्वचित जुन्या जहाजांचे अवशेष शोधण्यासाठी त्याचा उपयोग होतो. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांत धातुशोधन हा एक प्रचलित छंद आहे. छंदाची सुरुवात बहुधा शेत, बाग किंवा मैदान अशा कोरड्या जमिनीवर चालणाऱ्या साध्या यंत्राने होते आणि किनाऱ्यासाठीचे यंत्र नंतर, दुसरे यंत्र म्हणून घेतले जाते.

हे दुसरे यंत्र निवडताना ते जलरोधक आहे का, एवढेच पाहणे पुरेसे नसते. जमिनीवर उत्तम चालणारे यंत्र ओल्या वाळूवर नेल्यास सतत खोटे आवाज करू लागते. याचे कारण पाणी यंत्रात शिरणे हे नसून समुद्राचे पाणी स्वतःच विजेचे संवाहक असणे हे आहे. त्यामुळे यंत्र किती खोलवर शोधते यापेक्षा ते खाऱ्या वाळूत किती स्थिर चालते, हा निवडीचा पहिला निकष ठरतो.

पार्श्वभूमी

विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने धातू शोधण्याचा एक प्रसिद्ध आरंभीचा प्रयत्न अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये केला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरात अडकलेली बंदुकीची गोळी शोधण्यासाठी त्यांनी उपकरण तयार केले होते. तथापि गोळी सापडली नाही. हातात धरून वापरण्याच्या धातुशोधकाचे अमेरिकी एकस्व गेरहार्ड फिशर यांना १९३७ मध्ये मिळाले. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी विकसित केलेला सुरुंगशोधक १९४२ मधील अल् अलामीनच्या दुसऱ्या लढाईत वापरला गेला.

युद्धानंतर असे सुरुंगशोधक लष्कराच्या शिल्लक साहित्यातून सर्वसामान्यांच्या हाती आले. फ्लॉरिडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर किप वॅग्नर यांनी अशाच एका जुन्या सुरुंगशोधकाच्या साहाय्याने शोध घेतला. जुलै १७१५ च्या अखेरीस चक्रीवादळात बुडालेल्या स्पॅनिश खजिनावाहू ताफ्याचे अवशेष त्यातून उजेडात आले. किनारी धातुशोधनाच्या लोकप्रियतेत या घटनेचा मोठा वाटा आहे.

कार्यतत्त्व

धातुशोधकाच्या दांड्याच्या टोकाला एक चपटी तबकडी असते. तिच्यातील तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आल्यास तिच्यात भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह प्रवर्तित होतात आणि ते आपले स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. तबकडीतील ग्राहक वेटोळे हे क्षेत्र टिपते व यंत्र त्याचे ध्वनीत रूपांतर करते.

मूळ संकेत आणि परत आलेला संकेत यांच्यातील कालांतरावरून वस्तू लोखंडाची आहे की अलोह धातूची, याचा अंदाज बांधता येतो. या क्षमतेला धातुभेद म्हणतात. अंतर वाढते तसा परतणारा संकेत अतिशय झपाट्याने क्षीण होतो. तबकडीच्या व्यासाच्या तुलनेने दूर असलेल्या लहान वस्तूचा संकेत अंतराच्या सुमारे सहाव्या घाताच्या प्रमाणात घटतो. म्हणजे अंतर दुप्पट झाले तर संकेत सुमारे चौसष्टावा भाग एवढाच उरतो. त्यामुळे दुप्पट शक्ती वापरल्याने दुप्पट खोली मिळत नाही.

खाऱ्या पाण्याची अडचण

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सरासरी सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्याची विद्युतसंवाहकता दर मीटरला सुमारे ५ सीमेन्स असते, म्हणजे पिण्याच्या गोड्या पाण्याच्या साधारणपणे शंभर ते हजार पट. ओली वाळू त्यामुळे यंत्राला एखाद्या विस्तीर्ण पण मंद संवाहकासारखी भासते. तबकडी थोडी वरखाली झाली किंवा लाट तिच्याखालून सरकली, तरी या संवाहकाचे अंतर बदलते आणि यंत्र धातू सापडल्यासारखा आवाज करते.

यंत्राची संवेदनक्षमता कमी करून हे आवाज थांबवता येतात, पण त्याबरोबर खोलीही घटते. दुसरा उपाय म्हणजे यंत्राला मिठाचा प्रतिसाद वगळायला लावणे. मात्र बारीक सोन्याची साखळी किंवा लहान कर्णभूषण यांचा प्रतिसाद मिठाच्या प्रतिसादाशी पुष्कळ मिळताजुळता असतो. मीठ वगळले की तेही वगळले जाण्याचा संभव असतो.

काही किनाऱ्यांवर याच्या जोडीला काळ्या वाळूची अडचण येते. या वाळूत मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजे असतात. महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट व मॅग्नेटाइट आढळतात. खनिजाचा प्रतिसाद चुंबकीय, तर मिठाचा प्रतिसाद संवाहकतेचा असतो. एकाच वारंवारतेवर चालणारे यंत्र या दोहोंपैकी एकाशी जुळवून घेऊ शकते, पण दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे वगळू शकत नाही.

यंत्रांचे प्रकार

एकवारंवारता यंत्रे
ही यंत्रे सामान्यतः काही किलोहर्ट्झ ते काही दशक किलोहर्ट्झ या पट्ट्यातील एका वारंवारतेवर चालतात. वजनाला हलकी, तुलनेने स्वस्त आणि चांगला धातुभेद करणारी अशी ती असतात. कोरडी वाळू, तसेच नदी, तलाव व इतर गोड्या पाण्यात ती समाधानकारक चालतात. गॅरेट कंपनीचे १५ किलोहर्ट्झवर चालणारे 'एटी प्रो' हे अशा जलरोधक यंत्राचे उदाहरण आहे. वारंवारता वाढली की मिठाचा प्रतिसाद वाढतो. त्यामुळे ओल्या खाऱ्या वाळूत या प्रकाराची मर्यादा स्पष्ट होते.

बहुवारंवारता यंत्रे
ही यंत्रे एकाच वेळी दोन किंवा अधिक वारंवारता वापरतात. वारंवारतेनुसार मिठाचा प्रतिसाद बदलतो, चुंबकीय खनिजाचा मात्र जवळजवळ तसाच राहतो. निरनिराळ्या वारंवारतांवरील प्रतिसादांची तुलना करून यंत्र मीठ व खनिज या दोहोंचा बराचसा भाग वजा करते आणि तरीही धातुभेद राखते. मिनलॅब या ऑस्ट्रेलियन कंपनीची 'एक्सकॅलिबर' आणि २०१८ मध्ये बाजारात आलेली 'इक्विनॉक्स' ही यंत्रे या प्रकारात मोडतात. लोखंडी कचरा असलेल्या खाऱ्या किनाऱ्यासाठी हा प्रकार सर्वाधिक उपयुक्त मानला जातो.

पल्स इंडक्शन यंत्रे
यांत वेटोळ्यातून सलग प्रवाह न सोडता अतिशय लघु स्पंद सोडले जातात. प्रत्येक स्पंद बंद झाल्यावर यंत्र सुमारे १० मायक्रोसेकंद किंवा त्याहून थोडे अधिक थांबते आणि मग उरलेला संकेत तपासते. खाऱ्या पाण्यातील प्रवाह एवढ्या अवधीत विरून जातात, धातूतील प्रवाह मात्र टिकून असतात. त्यामुळे मीठ व काळी वाळू यांचा या यंत्रांवर फारसा परिणाम होत नाही. गॅरेटचे 'सी हंटर मार्क दोन' हे या प्रकारचे यंत्र आहे.

या पद्धतीचा मुख्य दोष म्हणजे धातुभेदाचा जवळजवळ अभाव. केसांची पिन, मासेमारीचा गळ, गंजलेला खिळा आणि सोन्याची अंगठी यांना ती सारखाच प्रतिसाद देतात; लोखंड तर पुष्कळ खोलवरूनही दर्शवतात. शिवाय अतिशय बारीक साखळीतील प्रवाहही मिठाप्रमाणेच लवकर विरतात, म्हणून थांबण्याचा अवधी वाढवला की अशा वस्तू हुकतात.

निवडीचे निकष

दुसरे यंत्र पहिल्या यंत्राची अधिक महाग आवृत्ती असण्यापेक्षा, पहिले यंत्र जेथे कमी पडते तेथे चालणारे असणे अधिक हिताचे असते. त्या दृष्टीने पुढील बाबी विचारात घेतल्या जातात.

पाण्याचा प्रकार: शोध प्रामुख्याने तलाव किंवा नदीत घ्यायचा असल्यास चांगले जलरोधक एकवारंवारता यंत्र पुरेसे असते. समुद्राच्या ओल्या वाळूसाठी बहुवारंवारता किंवा पल्स इंडक्शन यंत्र आवश्यक ठरते.

कचऱ्याचे प्रमाण: गर्दीच्या चौपाटीवर लोखंडी वस्तू पुष्कळ असतात. तेथे धातुभेद नसलेल्या यंत्राने बहुतेक वेळ निरुपयोगी खड्डे खणण्यात जातो. लाटांनी धुतलेल्या, तुलनेने स्वच्छ वाळूत किंवा काळ्या वाळूत पल्स इंडक्शनचा लाभ मिळतो.

जलरोधकता: अनेक यंत्रांची केवळ तबकडीच जलरोधक असते, नियंत्रणपेटी नसते. अशी यंत्रे पाण्याच्या कडेला वापरता येतात, परंतु एक अनपेक्षित लाट त्यांना निकामी करू शकते. आयपी ६७ हे मानांकन १ मीटर पाण्यात ३० मिनिटांपर्यंतच्या संरक्षणाचे आहे. आयपी ६८ मध्ये खोली व कालावधी उत्पादकाने नमूद केलेला असतो. 'एटी प्रो' व 'इक्विनॉक्स ८००' यांची नमूद मर्यादा ३ मीटर आहे, तर पाणबुड्यांनाही वापरता येणाऱ्या 'एक्सकॅलिबर दोन'ची सुमारे ६० मीटर. उभे राहून शोध घेणाऱ्यास ३ मीटरची मर्यादा पुरते.

तबकडीचा आकार: मोठ्या तबकडीने अधिक क्षेत्र व काहीशी अधिक खोली मिळते, पण पाण्यात ती ओढताना विरोधही अधिक होतो आणि लहान वस्तूंबाबतची संवेदनक्षमता घटते. उथळ पाण्यासाठी साधारणपणे २० ते २८ सेंटिमीटर व्यासाची तबकडी वापरली जाते.

हेडफोन: लाटांच्या आवाजात क्षीण संकेत ऐकू येण्यासाठी हेडफोन आवश्यक असतात. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून फार थोडे अंतर जातात. त्यामुळे डोके पाण्याखाली जाणार असल्यास तारेने जोडलेले जलरोधक हेडफोन घ्यावे लागतात.

सोने आणि ॲल्युमिनियम

किनाऱ्यावरील शोधात धातुभेदाचा अतिवापर ही नवशिक्यांकडून होणारी मोठी चूक असते. सोन्याच्या अंगठ्यांचा प्रतिसाद ॲल्युमिनियमची चमकी, शीतपेयाच्या डब्यांच्या ओढपट्ट्या यांच्या प्रतिसादाच्या पट्ट्यातच येतो. हा कचरा टाळण्यासाठी यंत्राला तो पट्टा वगळायला सांगितल्यास सोन्यावरही यंत्र मूक राहते आणि वापरणाऱ्यास आपण काय मागे सोडले हे कळतही नाही. म्हणून फक्त लोखंड वगळून उरलेले सर्व संकेत खणून पाहण्याची पद्धत अनुभवी शोधक अवलंबतात.

वस्तूचा आकारही महत्त्वाचा असतो. अखंड अंगठीत प्रवाहाला फिरण्यास पूर्ण वर्तुळ मिळते, म्हणून तिचा संकेत ठळक असतो. तुटलेली अंगठी किंवा सुट्या कड्यांची साखळी वजनाने जास्त असूनही क्षीण संकेत देते.

स्थान व वेळ

सोन्याची घनता दर घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम, तर वाळूतील क्वार्ट्झची सुमारे २.६५ ग्रॅम असते. त्यामुळे लाटांनी वाळू ढवळली की जड वस्तू खाली उतरतात व चिकणमाती, शिंपल्यांचा थर किंवा खडक यांवर स्थिरावतात. वादळाने वरची वाळू वाहून नेली की हे थर उघडे पडतात. एरवी यंत्राच्या आवाक्याबाहेर असलेल्या वस्तू अशा वेळी सापडतात. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते आणि ओहोटीही दूरवर जाते. एरवी पाण्याखाली असलेली वाळू तेव्हा काही काळ मोकळी होते.

वस्तू उकरण्यासाठी झाऱ्यासारखी छिद्रे असलेले, लांब दांड्याचे पोलादी फावडे वापरतात. प्रत्येक खड्डा बुजवणे आवश्यक मानले जाते. वापरानंतर यंत्र गोड्या पाण्याने धुणे आणि झाकणाखालील रबरी कडी वाळूच्या कणांपासून स्वच्छ ठेवणे ही मुख्य निगा होय. कडीवरचा एखादा कणही पाण्याला वाट करून देऊ शकतो.

कायदा व सुरक्षितता

सापडलेली वस्तू शोधणाऱ्याचीच असते, असा समज सर्वत्र खरा नाही. इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये १९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार खजिना या व्याख्येत बसणाऱ्या वस्तूची सूचना १४ दिवसांत कोरोनरला द्यावी लागते. ब्रिटनमध्ये जहाजाच्या अवशेषांतील वस्तूची माहिती २८ दिवसांत 'रिसीव्हर ऑफ रेक' या अधिकाऱ्यास द्यावी लागते. फ्लॉरिडात राज्याच्या मालकीच्या जमिनीवर व समुद्रतळावर सोडून दिलेल्या, ५० वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंवर राज्याचा हक्क असतो.

भारतात १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम लागू आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना देणे या कायद्याने बंधनकारक केले आहे. संरक्षित स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे १९५८ च्या, तर पुरावस्तू १९७२ च्या कायद्याखाली येतात. पुरावस्तू जागेवरून हलवली की ती कोणत्या थरात व कशाच्या सान्निध्यात होती ही माहिती कायमची नष्ट होते. त्यामुळे अशी वस्तू आढळल्यास तेथेच थांबून अधिकाऱ्यांना कळवणे योग्य ठरते.

पाण्यात शोध घेणाऱ्याचे लक्ष पायाखाली व कानांतील आवाजाकडे असते. त्यामुळे चढती भरती आणि किनाऱ्यापासून आत ओढणारे प्रवाह यांचा धोका वाढतो. एकट्याने न जाणे, भरतीची वेळ आधी पाहून ठेवणे आणि यंत्र हातात अडकवलेले असल्यास ते तत्काळ सोडता येईल अशी व्यवस्था ठेवणे, ही किमान खबरदारी समजली जाते.