कार्टूनमधून दिलेली मात्रा

बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात दूरचित्रवाणी संच असतो तो मुख्यतः रडणे थांबवण्यासाठी. बडोद्यातील माझ्या दवाखान्यातही तो त्याच हेतूने आला. त्यावर काय दाखवावे याचा विचार मी कित्येक वर्षे केला नव्हता. औषधाची मात्रा वजनाप्रमाणे मोजून देणारा मी, त्याच मुलाच्या डोळ्यांवाटे आत काय जाते याबाबत मात्र निष्काळजी होतो.

कार्टून म्हणजे निव्वळ करमणूक, हा समज फारसा खरा नाही. प्राण्यांच्या तोंडून राजनीती शिकवण्याची रीत तर मूळची आपलीच. विष्णुशर्म्याने पंचतंत्र सांगितले ते अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना शहाणे करण्यासाठी. त्यातील जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पक्ष्यांची कथा १९७४ साली ‘एक अनेक और एकता’ या सातेक मिनिटांच्या हिंदी ॲनिमेशनपटात आली. तो घडवणाऱ्या विजया मुळे आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेर आयुष्य घालवलेल्या मराठी बाई. ॲनिमेशन भीमसैन यांचे. मूळ कथेत दुर्बळांनी संकटातून सुटण्याची युक्ती आहे. चित्रपटात तीच राष्ट्रीय एकात्मतेची शिकवण झाली. दूरदर्शनवर तो पाहिलेली पिढी आज स्वतःची मुले घेऊन माझ्याकडे येते आणि गाणे अजून विसरलेली नाही.

आपणा वैद्यकीय व्यावसायिकांना अधिक रस वाटावा असे उदाहरण अमेरिकेतले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दक्षिण अमेरिकेत जर्मनीचा प्रभाव वाढू नये म्हणून अमेरिकी सरकारने नेल्सन रॉकफेलर यांच्या हाताखाली एक स्वतंत्र कार्यालय उघडले होते. त्या कार्यालयासाठी वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने १९४३ साली हिवतापावर ‘द विंग्ड स्कर्ज’ हा लघुपट काढला. आरंभी ॲनॉफिलिस डासाची मादी फरारी गुन्हेगारासारखी भित्तिपत्रकावर झळकते. मग तिला पकडण्यासाठी स्वयंसेवक हवेत अशी हाक येते आणि पुढे येतात ते हिमगौरीचे सात बुटके! ते साचलेल्या पाण्यावर तेल सोडतात, खड्डे बुजवतात, खिडक्यांना जाळ्या ठोकतात. पॅरिस ग्रीनची भुकटीही उडवतात. ते आर्सेनिकयुक्त विष आहे. आज असे चित्र मुलांपुढे ठेवण्यास कोणीही धजावणार नाही. एरवी त्यातील कीटकशास्त्र चोख आहे. राजकारण दडले आहे ते वेगळ्याच जागी. तापाने खंगलेल्या शेतकऱ्याचे शेत उजाड होते हे दिसते. म्हणजे दारिद्र्य डासामुळे येते. दारिद्र्यामुळेच माणसाला डबक्याशेजारी राहावे लागते, ही उलटी बाजू चित्रपटात नाही. आरोग्यशिक्षणाची आपली भित्तिपत्रके तरी याहून फार निराळी असतात काय?

जॉर्ज ऑर्वेल यांच्या कादंबरीवरील ‘ॲनिमल फार्म’ या १९५४ सालच्या ब्रिटिश ॲनिमेशनपटाची गोष्ट थोडक्यात सांगतो. त्यामागे अमेरिकी गुप्तहेर संघटनेचा पैसा होता, हे बऱ्याच वर्षांनी उघड झाले. कादंबरीच्या अखेरीस डुकरे आणि माणसे यांत फरक उरत नाही. चित्रपटात मात्र इतर प्राणी डुकरांविरुद्ध उठाव करतात. शेवट बदलला की शिकवणही बदलते, आणि प्रेक्षागृहातील मुलाला याचा पत्ता नसतो.

आता ‘मीना’. सार्क संघटनेने १९९१ ते २००० हे बालिका दशक म्हणून पाळले. त्या काळात युनिसेफने दक्षिण आशियातील मुलींसाठी ही मालिका आणली. तिचे चित्रकार होते आपल्याकडील राम मोहन. मीना कोणत्या देशाची हे तिच्या पोशाखावरून ओळखता येऊ नये, याची काळजी घेतली होती. आंब्याच्या वाटणीची तिची गोष्ट मला विशेष आवडते. आंब्याचा मोठा वाटा भावाला, राजूला मिळतो. मीना प्रश्न विचारते. मग दोघे एक दिवस आपापली कामे बदलतात आणि मीनाचे काम करून मीनाचेच जेवण मिळाल्यावर राजूचे पोट भरत नाही. हा संदेशही उघडउघड सामाजिक आहे, पण तो भुकेच्या वाटेने येतो, म्हणून उपदेश वाटत नाही.

ही चित्रफीत मी दवाखान्यात लावली त्या दिवशी एक आजी नातवाला आणि नातीला घेऊन आल्या होत्या. नातवाला साधा खोकला. नात नुसती सोबत आली होती. तिच्या पापण्या उघडून पाहिल्या तर पांढुरक्या. हिमोग्लोबिन ८.१ निघाले. मी विचारले, “घरात दूध कोणाला देता?” आजी म्हणाल्या, “दोघांनाही देतो की.” नात चटकन म्हणाली, “मला चहा देतात, राजूला दूध.” तिच्या भावाचे नाव राजू नव्हते.

आजी संतापल्या. “डॉक्टर, तुम्ही औषध द्या. पोरीला असलं काहीबाही दाखवून चढवून ठेवू नका.” मी तेव्हा गप्प राहिलो. खरे तर मला स्वतःचीच लाज वाटत होती. या कुटुंबाला मी सहा वर्षे ओळखत होतो, लोहाची औषधे लिहून देत आलो होतो. दुधाचा प्रश्न मात्र त्या दिवशी प्रथमच विचारला होता.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.९ आले. त्याचे श्रेय मीनाला द्यावे असा माझा दावा नाही; ते काम लोहाचे आणि जंतनाशकाचे. पण वजनही दीड किलोने वाढले होते. आजी सोबत होत्या. दूरचित्रवाणीकडे पाठ करून बसल्या होत्या आणि नात खुर्चीच्या कडेवरून मान वळवून पाहत होती.