गोंगाटातला तंबोरा
लेखमाला : नावडतं संगीत – लेखांक ५

नॉइज रॉक हे संगीतच नव्हे, असं मानणारे खूप आहेत, आणि त्यांत एरवी रॉक आवडीने ऐकणारेही कमी नाहीत. चाल सापडत नाही, शब्द ऐकू येत नाहीत, गिटार वाजतेय की वेल्डिंग चाललंय ते कळत नाही, ही नेहमीची तक्रार. या लेखातलं मत मात्र बहुतेकांना न पटणारं आहे : तंबोऱ्याच्या झंकारात रमणाऱ्या कानाला हे संगीत परकं वाटण्याचं कारण नाही. या मताचा धागा न्यूयॉर्कला जातो, पण सुरू होतो तो दिल्लीच्या आसपास.

काय ऐकण्याजोगं आणि काय नाही, यावर दिल्लीने याआधी सरकारी शिक्का मारून पाहिला आहे. १९४० च्या मार्चपासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लिहिलं होतं : तिचे बारा सूर ठोकून बसवलेले, तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत. नभोवाणीचे प्रमुख लायनेल फील्डन यांनी बंदी आणली आणि रवींद्रनाथ ठाकूरही पेटीच्या विरोधातच होते. ज्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला, तिथल्या वादकांनाही रेडिओचं दार बंद झालं. ही बंदी तीसेक वर्षं टिकली. पुढे १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळपास हद्दपार केली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, बिनाका गीतमाला घरोघरी पोचली आणि १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली.

केसकरांचा निर्णय फसला, पण फोल्ड्सचा आक्षेप खोटा नव्हता. पेटीच्या दोन पट्ट्यांमधली जागा खरोखरच रिकामी असते. नॉइज रॉकचा सगळा संसार त्याच जागेत आहे.

हे कसं घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. इलेक्ट्रिक गिटार चालू ॲम्प्लिफायरसमोर धरली की स्पीकरचा आवाज तारेला हलवतो. ते हलणं पिकअप टिपतो, ॲम्प्लिफायर ते वाढवतो आणि आवाज पुन्हा तारेवर येऊन आदळतो. हे चक्र एकदा जमलं की तार न छेडता गात राहते. याला फीडबॅक म्हणतात. सभागृहात माईक शिट्टी मारतो तेव्हा तेच होतं, पण तिथे तो बिघाड असतो आणि इथे ते वाद्य असतं. वादक पाऊलभर मागे सरकला, गिटारचा कोन थोडा बदलला, की मूळ सुरातला वेगळाच स्वरांश वर उसळतो. १९८१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या सॉनिक यूथच्या वादकांनी गिटारी भलत्याच सुरांत लावल्या, तारांखाली स्क्रूड्रायव्हर खोचले. त्यातून घणघण, घरघर आणि शिट्ट्या यांचा जो थर तयार होतो, तो चालीसारखा पुढे जात नाही. एका जागी उभा राहून आतल्या आत बदलत राहतो.

आता मिरजेचा तंबोरा पाहावा. त्याची घोडी सपाट नसते, किंचित उताराची असते. तार तिला पुन्हापुन्हा स्पर्श करत थरथरते. तारेखाली सुताचा दोरा घालून तो केसभर मागेपुढे सरकवला की एका क्षणी आवाज एकदम उघडतो. ही जवारी म्हणजे मुद्दाम, मेहनतीने आणलेली घरघर. तंबोऱ्याची तार अशी वागते की नेहमीच्या नियमांनुसार जे स्वरांश ऐकूच यायला नकोत तेही तिच्यात उमटतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये नोंदवलं. तंबोरा ऐकणारा श्रोता चाल शोधत नाही. एका सुराच्या पोटात काय काय आहे ते ऐकतो.

किराणा घराण्याचा कान या ऐकण्यावरच पोसला आहे. ज्या कैराना गावावरून घराण्याला नाव मिळालं ते उत्तर प्रदेशातल्या शामली जिल्ह्यात, म्हणजे आजच्या दिल्ली राजधानी क्षेत्रात येतं. तिथून निघालेले अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थिरावले आणि सवाई गंधर्वांमार्फत त्यांची गायकी भीमसेन जोशींपर्यंत पोचली. घराण्याचे दुसरे आधारस्तंभ अब्दुल वहीद खाँ. त्यांचे शिष्य पंडित प्राणनाथ दिल्लीत रेडिओवर गात आणि दिल्ली विद्यापीठात शिकवत. १९७० मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि ला माँट यंग व टेरी रायली या अमेरिकी संगीतकारांचे गुरू झाले. यंग यांना भारतीय संगीताची आणि लांबवलेल्या सुरांची ओढ त्याआधीपासूनच होती. साठच्या दशकात त्यांच्या मंडळीत जॉन केल नावाचा तरुण व्हायोला वाजवत तासन्‌तास एकच सूर धरून बसे. १९६५ मध्ये त्याच केलने लू रीडबरोबर व्हेल्व्हेट अंडरग्राउंड हा बँड उभा केला. त्यांचं १९६८ मधलं ‘सिस्टर रे’ सतरा मिनिटांहून लांब आहे, आणि नॉइज रॉकची वंशावळ मांडायला बसलेला कुणीही तिथवर पोचतोच.

रीडने १९७५ मध्ये ‘मेटल मशीन म्युझिक’ काढलं. त्यात चार बाजू, प्रत्येकी सुमारे सोळा मिनिटं, निव्वळ फीडबॅक आहे. गाणं नाही, ताल नाही. ग्राहकांनी रेकॉर्ड दुकानांत परत नेऊन दिल्या. रेकॉर्डच्या वेष्टनावर मात्र रीडने यंग यांच्या संगीताचं ऋण नोंदवलं होतं. २००२ मध्ये बर्लिनच्या त्साइटक्रात्सर या वाद्यवृंदाने त्या गोंगाटाचं स्वरलेखन करून तो व्हायोलिन, चेलो, अकॉर्डियन अशा वाद्यांवर सादर केला आणि रीड स्वतः त्यात सहभागी झाला. नुसता कचरा असता तर त्याचं स्वरलेखन करायला कुणी बसलं नसतं.

आज दिल्लीत हे ऐकणारे थोडे आहेत, पण आहेत. हेमंत श्रीकुमार ‘डिस्क्वायट’ या नावाने नॉइजच्या मैफली भरवत आले. राणा घोष यांच्या ‘रीप्रोड्यूस’ने लिसनिंग रूम या बैठकांमधून प्रायोगिक वादकांना श्रोते मिळवून दिले. खिडकी भागातल्या ‘खोज’ या १९९७ पासूनच्या कलासंस्थेने ध्वनिकलेला जागा दिली. यातलं सगळंच चांगलं असतं असं नाही. नुसता आवाज चढवून सुचत नसल्याचं झाकणारे इथेही भेटतात. मात्र चांगला वादक कोणता, ते दहा मिनिटांत कळतं : त्याच्या गोंगाटात प्रत्येक बदल ठरवून केलेला असतो.

आवाजाच्या पातळीबद्दलची भीती मात्र रास्त आहे. कायद्याने गोंगाट हे १९८७ पासून हवेचंच प्रदूषण ठरलं आहे. २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बँडचा आवाज बंद खोलीत सहज १०० डेसिबलवर जातो, आणि त्या पातळीला पंधरा मिनिटांनंतर कानाला धोका सुरू होतो. म्हणून मैफलीला जाताना इअरप्लग खिशात हवेतच. त्यांनी स्वरांश बुजत नाहीत, उलट अनेकदा जास्त सुटे ऐकू येतात. घरी सुरुवात करायची तर सॉनिक यूथचा १९८८ चा ‘डेड्रीम नेशन’ घ्यावा. त्यात चाली अजून शाबूत आहेत आणि त्यांच्या कडा कुठे विरघळतात ते स्पष्ट कळतं. ‘मेटल मशीन म्युझिक’ची एक बाजू त्यानंतर, हलक्या आवाजात, हातातलं काम बाजूला ठेवून.

पुढच्या लेखांकात ओसाकाचे बोरडम्स आणि जपानी नॉइज.