गप्पांची बैठक आणि लेखणी

गप्पा मारणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग होय, असे वडीलधारी मंडळी मुलांना सांगत आली आहेत. पाटी-पुस्तक टाकून ओट्यावर बसलेल्या मुलांपुरते हे म्हणणे खरेही असते. तथापि मराठी माणसांनी काढलेली वर्तमानपत्रे, कविमंडळे आणि नाटकमंडळ्या यांचा उगम शोधीत मागे जावे, तर तो पुष्कळदा चारचौघा मित्रांच्या बैठकीतच सापडतो. या बैठकीला अध्यक्ष नसतो, कार्यक्रमपत्रिका नसते आणि वर्गणीही नसते. तेथे संसारातील सुखदुःखे निघतात, थट्टामस्करी होते आणि राज्यकारभारावर वादही होतो. अशा मोकळ्या बोलण्यातून समाजाच्या उपयोगी पडणारे लिखाण कसे निर्माण होते, आणि काही बैठका टिकतात तर काही का मोडतात, याचा विचार करण्यासारखा आहे.

इंदूर शहराच्या वायव्येस हातोद नावाचे गाव आहे. इंदूर जिल्ह्यातील ते तहसिलीचे ठिकाण. भोवताली माळव्याची काळी जमीन पसरलेली. पावसाळ्यात तीत सोयाबीन आणि हिवाळ्यात गहू-हरभरा होतो. आपल्याकडे ज्याला ओटा म्हणतात त्याला माळव्यात ओटला म्हणतात. दिवसाची कामे आटोपली म्हणजे अशा गावांतून ओटल्यावर माणसे येऊन बसतात. बियाण्याचा भाव, कोणाच्या मुलीचे लग्न, निवडणुकीस उभा राहिलेला उमेदवार आणि एखाद्या शेजाऱ्याची फजिती हे सारे विषय एकाच बैठकीत निघतात, आणि त्यात कोणाला काही विसंगत वाटत नाही. आयुष्यही असेच सरमिसळ असते. शेतमालाचा भाव हा घरखर्चाचा विषय तसाच तो राजकारणाचाही विषय, हे शेतकऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

या ओटल्यावरील गप्पांना लेखणीची जोड मिळाली म्हणजे काय होते, याचे उत्तम उदाहरण खुद्द इंदुरातच आहे. होळकरांची राजधानी १८१८ साली महेश्वराहून इंदुरास आली. दरबाराच्या आश्रयाने येथे मराठी कुटुंबे वाढली; कारकुनी, शिक्षकी, वैद्यकी करून ती माळव्यात रुजली. मराठी साहित्य संमेलने येथे १९१७, १९३५ आणि २००१ या साली भरली, यावरून मराठीचे तेथील स्थान ध्यानी येईल. घरात मराठी, बाजारात माळवी आणि कागदावर हिंदी, अशा तीन बोलींत वावरणारा हा समाज आहे. दुसऱ्याचे म्हणणे दुसऱ्याच्या भाषेत समजून घेण्याची सवय त्याला सहजच लागली.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत या इंदुरात एक मित्रमंडळ जमले. त्याला नाव नव्हते. राहुल बारपुते हे त्यातील पत्रकार. त्यांची मातृभाषा मराठी. परंतु ५ जून १९४७ रोजी इंदुरास निघालेल्या ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते. विष्णू चिंचाळकर हे चित्रकार. सारे त्यांना गुरुजी म्हणत. वाळलेली पाने, लाकडाचे तुकडे, टाकाऊ वस्तू यांतून ते सुंदर आकृती घडवीत. बाबा डिके हे रंगभूमीचे उपासक. ‘नाट्यभारती’ या संस्थेशी त्यांचे नाव निगडित आहे. आणि चौथे म्हणजे देवासचे कुमार गंधर्व.

कुमारांचे येथे येणे हा एक आपत्तीचाच परिणाम होता. त्यांचा जन्म १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातला, संगीताचे शिक्षण मुंबईस प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे. ऐन उमेदीत क्षयाने गाठले, आणि कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८ मध्ये ते देवासला आले. सुमारे पाच वर्षे त्यांना गाता आले नाही. लहानपणापासून मैफली गाजविलेल्या गवयाला ही केवढी शिक्षा! त्या सक्तीच्या मौनात माळव्यातील बायकांची गाणी त्यांच्या कानी पडत राहिली. पुढे त्यांतूनच नव्या रागांची त्यांना चाहूल लागली. १९६५ साली निघालेल्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात त्यांच्या रचना संगृहीत आहेत. देवास ते इंदूर हे अंतर फार नाही, सुमारे ३५ किलोमीटर. या मित्रांचे एकमेकांकडे जाणे-येणे आयुष्यभर राहिले.

एक पत्रकार, एक चित्रकार, एक नट आणि एक गवई यांच्या बैठकीत काय बोलले जात असेल, याची टिपणे कोणी ठेवली नाहीत. ठेवली असती तर ती मित्रांची बैठक न राहता सभा झाली असती. परंतु त्या मोकळ्या हवेचा परिणाम वर्तमानपत्रात दिसला. दैनिक म्हणजे केवळ सरकारी घोषणांची आणि अपघातांची जंत्री नव्हे, त्यात संगीत, चित्रकला, नाटक आणि भाषा यांनाही जागा हवी, ही दृष्टी ‘नई दुनिया’त रुजली. वाचकांच्या पत्रांना तेथे मानाचे स्थान मिळाले. लहान गावातील शिक्षकाचे किंवा दुकानदाराचे पत्र छापून आले म्हणजे ओटल्यावरची गोष्ट सबंध माळव्यापर्यंत पोचे.

या पत्राभोवती तरुण लेखकही जमले. १९३१ साली उज्जैनला जन्मलेले शरद जोशी येथे ‘परिक्रमा’ हे विनोदी सदर लिहीत. धार जिल्ह्यातील बदनावरचे राजेंद्र माथुर १९५५ साली, वयाच्या विशीत, बारपुत्यांकडे आले आणि त्यांचे ‘अनुलेख’ हे राजकीय सदर सुरू झाले. इंदुरात बसून हा तरुण जगाच्या राजकारणावर लिही, आणि माळव्यातील वाचक ते आवडीने वाची. १९६० साली प्रभाष जोशी आले. त्यांनीच पुढे १९८३ मध्ये दिल्लीस ‘जनसत्ता’ काढला. यांतील प्रत्येकाची लेखनशैली निराळी आणि मतेही स्वतःची. संपादकाने त्यांना आपल्या साच्यात बसविले नाही. मित्रांच्या बैठकीत जो न्याय असतो, की ज्याने त्याने आपल्या आवाजात बोलावे, तोच येथे कागदावर लागू झाला.

अशा मोकळेपणाची खरी कसोटी संकटात लागते. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. तेव्हा ‘नई दुनिया’ने संपादकीयाची जागा कोरी ठेवून आपला निषेध प्रकट केला. काही न लिहिता वाचकाला सारे काही कळले. जेथे वाचक आणि लेखक यांच्यात वर्षानुवर्षे बोलणे चाललेले असते, तेथेच मौनाचा अर्थ असा तत्काळ उमगतो. अनोळखी माणसाच्या गप्प बसण्याकडे कोण लक्ष देतो? पण रोज बोलणारा मित्र एकाएकी गप्प झाला, तर त्याला काय झाले हे विचारावेसे वाटतेच.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहण्यासाठी मागे, एकोणिसाव्या शतकातील पुण्यास जावे लागेल. डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या दोन तरुणांनी, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांनी, देशासाठी काय करावे याचा खल रात्री जागवून केला. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या समवेत १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर होते. कोल्हापूर प्रकरणावरील लिखाणाबद्दल १८८२ साली दोघा मित्रांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तुरुंगाने ही मैत्री तुटली नाही. ती ताणली गेली ती मतभेदाने. आधी समाजसुधारणा की आधी राजकीय हक्क, हा तो वाद. आगरकरांनी १८८७ साली ‘केसरी’ सोडला आणि पुढच्याच वर्षी ‘सुधारक’ काढला. दोन्ही पत्रांतून एकमेकांवर कठोर प्रहार झाले. १८९५ साली आगरकर वारले, त्यांच्या वयाला चाळीस वर्षेही झाली नव्हती. आणि त्यांच्यावरील मृत्युलेख ‘केसरी’त टिळकांनीच लिहिला. महाराष्ट्राला या वादातून दोन थोर पत्रे आणि विचारांचे मोठे धन मिळाले, हे खरे. परंतु दोन माणसांनी त्यासाठी आपली मैत्री खर्ची घातली, हेही विसरता येत नाही.

पुण्यातच १९२३ साली आणखी एक बैठक जमली. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, नाट्यछटाकार दिवाकर अशी ती मंडळी. रविवारी चहाला एकत्र यावे, आपल्या कविता वाचाव्यात, दुसऱ्यांच्या ऐकाव्यात, एवढाच तिचा हेतू. तिचेच पुढे रविकिरण मंडळ झाले आणि त्याच वर्षी ‘किरण’ हा संग्रह निघाला. एकमेकांच्या कविता ऐकून माना डोलविणाऱ्या मंडळींची थट्टा होणे क्रमप्राप्तच होते. १९२५ साली केशवकुमार या नावाने प्रल्हाद केशव अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’ हा विडंबनसंग्रह काढून ती यथास्थित केली. त्या विडंबनाने मूळ कविता मेल्या नाहीत. उलट रसिक दोन्हींचा आस्वाद घेत राहिले. थट्टा सहन करण्याची ताकद असली म्हणजे साहित्याचे नुकसान होत नाही, हा यातील धडा.

या तीन उदाहरणांवरून बैठकीचे शास्त्र काहीसे उलगडते. पहिली गोष्ट, बैठकीत निरनिराळ्या व्यवसायांची माणसे असावीत. एकाच पेशाची माणसे जमली की बढतीबदलीपलीकडे बोलणे जात नाही. दुसरी गोष्ट, विषयांची सरमिसळ असावी. नुसत्या विनोदाने बैठक पोकळ होते, नुसत्या राजकारणाने ती कडवट होते आणि नुसत्या घरगुती रडगाण्याने ती कंटाळवाणी होते. ज्या माणसाशी कालच आपण पोट धरून हसलो, त्याच्याशी आज मतभेद झाला तरी तो आपला वैरी वाटत नाही. हसणे हे मतभेदाच्या गाड्याचे वंगण आहे. तिसरी गोष्ट लेखणीची. बोललेला शब्द हवेत विरतो. लिहिलेल्या शब्दाखाली सही करावी लागते. सही करण्यापूर्वी माणूस ऐकीव गोष्ट पारखून घेतो, अपशब्द खोडतो आणि दुसऱ्याचे म्हणणे नीट मांडतो. म्हणूनच शाळाशाळांतून निघणाऱ्या हस्तलिखित मासिकाचे मोल मोठे आहे. एक वही, सुवाच्य अक्षराचा एक लेखनिक, चित्रे काढणारा एखादा हौशी आणि चुका दाखविणारा एक निर्भीड मित्र, एवढ्या साहित्यावर ते निघते. त्याची एकच प्रत हातोहात फिरते, आणि लिहिणाऱ्याला आपला वाचक समोर दिसत असतो.

आज ओटले कमी झाले आहेत. मित्रांची बैठक खिशातील फोनमध्ये आली आहे. शाळासोबती दूरदूरच्या शहरांतून दिवसभर एकमेकांना निरोप धाडतात, हे सुख मागील पिढ्यांना नव्हते. पण तेथे एक उणीव राहते. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि दुसऱ्याने लिहिलेला मजकूर आपली सही न करता पुढे ढकलता येतो. त्यामुळे निवडणुकीच्या दिवसांत वीस-वीस वर्षांची मैत्री चार ओळींवरून तुटते. ज्यांनी एका बाकावर बसून डबा खाल्ला, ते एकमेकांच्या दारावरून मुकाट्याने जातात. हे नुकसान कोणत्याही पक्षाच्या हिशेबात मांडले जात नाही. ते सोसावे लागते घराघरांना.

यावर उपाय राजकारण वर्ज्य करण्याचा नाही. ज्या समाजात मित्र राजकारण बोलेनासे होतात, तेथे ते केवळ पुढाऱ्यांच्या सभांत उरते, आणि तेथे उलट प्रश्न विचारण्याची सोय नसते. उपाय साधा आहे. दुसऱ्याचा मजकूर पुढे ढकलण्याऐवजी स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहाव्यात आणि खाली नाव घालावे. वादाच्या दुसऱ्या दिवशी मित्राच्या घरच्या आजाऱ्याची विचारपूस करावी. महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष भेटावे. त्यासाठी चहा पुरतो, आणि इंदुरासारख्या ठिकाणी पोहे-जिलबी तर आहेच.

लोकशाहीचे शिक्षण मतदानाच्या दिवशी सुरू होत नाही. आपल्याला न पटणारे बोलणे आवडत्या माणसाच्या तोंडून ऐकून घेणे, हा तिचा पहिला धडा आहे. तो हातोदच्या ओटल्यावर गिरविता येतो, तसाच तो मुंबई-पुण्याच्या चाळीतही गिरविता येतो. त्यासाठी इमारत लागत नाही आणि अनुदानही लागत नाही. वाद संपल्यावर “उद्या येतोस ना?” असे विचारणारा एक मित्र असला म्हणजे पुरे.